सतरा नंबरच्या सीटवरची बाई

दि. ४ मार्च

चि. गाडीवानास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे, थकव्याने. या दोन्हींत फरक असतो हे अण्णांना पटत नाही, तुला तरी पटावं. फोन का करत नाही असं वहिनीने विचारलं होतं. तिला सांग, फोनवर हा नुसता हं हं करतो आणि मागे इंजिन घरघरतं. पत्रात निदान तुझं बोलणं ऐकू येतं.

पेपरातल्या माझ्या पानाला या शनिवारी एकोणीस वर्षं झाली. अर्ध्या पानात फारशी कुणाला ठाऊक नसलेली एखादी जागा, उरलेल्या अर्ध्यात प्रवासातल्या चमत्कारिक बातम्या. हिशेब केला तर जवळजवळ हजार जागा मी लोकांना दाखवल्या आणि स्वतः खुर्चीतून उठले नाही. खुर्चीचं एक चाक निखळलंय, त्यामुळे ती डावीकडे थोडी फिरते, तेवढाच काय तो माझा प्रवास.

या आठवड्यात काय दिलं सांगू? एका गावात छत्र्यांचं संग्रहालय आहे आणि त्याचं छप्पर गळतं. एका हॉटेलातल्या प्रत्येक घड्याळात निराळी वेळ आहे, त्यामुळे खोली सोडण्यावरून रोज भांडणं. एक गृहस्थ चुकून भलत्याच विमानात बसले, भलत्याच शहरात उतरले, तिथे त्यांच्या दाढेला चांगला डॉक्टर मिळाला म्हणून खूश आहेत. लिहिताना माझ्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. संपादक म्हणतात, अजून विचित्र आणा. आणू कुठून?

अण्णा शनिवारी भिंग घेऊन लेकीचं पान तपासतात. जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे एखादं बेट दोन बोटं सरकलं तरी त्यांच्या जिवाला लागतं. गेल्या खेपेला मी एक सरोवर टेकडीच्या भलत्या बाजूला लिहिलं. जेवताना दोनदा म्हणाले की जगभर पाणी उतरतं, तुझ्या पानात चढतं. त्यांचे गुडघे तसेच आहेत. जिना उतरायला अर्धा तास, चढायचं तर विचारू नकोस.

तू वर्षातले दोनशे दिवस रस्त्यावर असतोस. तुझ्या गाडीत काही ना काही घडत असेलच. लिहून धाड. बहिणीची एवढी एक शनिवारची भाकरी भाजून दे.

पाठीला शेक देत जा. तुझ्यावर जीव आहे हे दर पत्रात लिहायला लावू नकोस.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र डेपोच्या खिडकीवर मिळालं. मुक्कामाच्या खोलीत आडवा पडून लिहितोय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात. अण्णांना दाखवू नकोस.

लोकांना वाटतं सहलीच्या गाडीचा ड्रायव्हर जग बघतो. ड्रायव्हर फक्त पार्किंग बघतो. धबधब्याचं पार्किंग, किल्ल्याचं पार्किंग, बागेचं पार्किंग. पण तुला विचित्र हवंय ना? मग हे घे.

गेल्या आठवड्यात पाच दिवसांची सहल होती. एक्केचाळीस माणसं, मी आणि आमची गाइड पोरगी. हायवेवर दोन तासांनी चहाला थांबलो. तिथे आमच्याच कंपनीची दुसरी निळी गाडी उभी होती, ती रोजची साधी प्रवासी गाडी. निघताना गाइडने डोकी मोजली, एक्केचाळीस भरली. पुढे तीन दिवस रोज पाच-सहा वेळा मोजली, दर वेळी एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन आला की सतरा नंबरचे गृहस्थ आपल्या घरी बसून तक्रार करतायत. चहानंतर ते त्या दुसऱ्या निळ्या गाडीत चढले, झोपले, आणि भलत्याच शहरात जागे झाले. लाजेपायी दोन दिवस कुणाला बोलले नाहीत. ऑफिसने विचारलं, म्हणजे तुमची सतरा नंबर रिकामी असेल ना?

गाइडने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं. सतरा नंबरवर सत्तरीची एक बाई बसली होती आणि शेजारणीच्या बाहीची उसवलेली शिवण घालून देत होती.

गाइडने फोनवर सांगून टाकलं की हो, रिकामी आहे. असं का बोलून गेली ते तिलाही मागाहून सांगता येईना. मीही गाडी पुढे काढली.

संध्याकाळी आम्ही बाईंना बाजूला घेतलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, गाडी चुकली हे दहा मिनिटांतच कळलं, कारण माझ्या गाडीत कुणी गाणी म्हणत नाही. मग उतरला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, खिडकी मिळाली होती.

त्यांना तीन मुलगे आहेत. आईची चार-चार महिन्यांची वाटणी. मधल्याकडचे महिने संपले म्हणून त्या दुसऱ्या निळ्या गाडीतून थोरल्याकडे निघाल्या होत्या. मधल्याला वाटतंय पोचली, थोरल्याला वाटतंय अजून निघालीच नाही. मी म्हटलं, घरी काळजी करत असतील, फोन लावू या. तर त्यांनी पिशवीतून आपला फोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, तीन दिवसांत तो एकदा तरी वाजलेला ऐकलात का? फोन चालू होता, रेंज होती. ताई, रस्त्यावर मी पुष्कळ वाईट पाहिलंय. पण असा गप्प फोन पाहिला नव्हता.

तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले त्यांनी, तिघांना त्यावर शिकवलं. अजूनही मोठी कात्री फ्लॅनेलमध्ये गुंडाळून जवळ बाळगतात. पिशवी स्वतः विणलेली, पिवळी, पण एक बंद हिरवा, कारण पिवळी लोकर संपली. गाडीतल्या सगळ्यांना एव्हाना त्यांचा लळा लागला होता. उरलेले दोन दिवस आम्ही ऑफिसला काही कळवलं नाही.

पाचव्या दिवशी परतताना डिझेल भरायला थांबलो. तुझ्या हजारांत नसेल अशी जागा. मिठागरं, एक पंप आणि सात खोल्यांचा लॉज, बस्स. बाई पाय मोकळे करायला उतरल्या, लॉजवालीशी बोलल्या आणि पिशवी घ्यायला परत आल्या. म्हणाल्या, इथे हाताखाली माणूस हवंय, मी थांबते. सगळ्यांना हात केला आणि चालू लागल्या. नंतर मोजलं तर चाळीस. गाइड म्हणाली, चला, खरा आकडा आला एकदाचा.

उद्या पहाटे परत गाडी आहे. अण्णांना नमस्कार. तुम्ही दोघं जपा, माझं मी बघतो.

तुझा,
गाडीवान


दि. २० मार्च

चि. गाडीवानास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र रिक्षातच दोनदा वाचलं आणि ऑफिसात पोचल्यावर पर्ससुद्धा न ठेवता लिहायला बसले. कित्येक वर्षांत असा हात चालला नव्हता. घाबरू नकोस, तुझं नाव नाही, कंपनीचं नाही. निळी गाडी हिरवी केली, मिठागर गाळलं. पिशवी आणि कात्री मात्र ठेवली, त्यांच्याशिवाय बाई उभीच राहीना. शनिवारी छापून आलं.

पण मी लिहिलं ते आणि छापलं ते, यांत फरक आहे. चार-चार महिन्यांची वाटणी आणि तो गप्प फोन संपादकांनी कापून टाकला. म्हणाले, शनिवारी लोकांना हसायचं असतं. मथळा दिला, वेंधळ्या आजीची फुकट सहल. सोबत चित्र, बोळक्या तोंडाची म्हातारी खिडकीतून हात हलवतेय. मी हरकत घेतली, पण घ्यायची म्हणून घेतली. संध्याकाळचे सात वाजले होते, पाय सुजले होते, आणि पान भरलं होतं.

अण्णांनी दोनदा वाचलं. एकही चूक काढली नाही, भिंग पुसून ठेवून दिलं. मग विचारलं, आता कुठे आहे ती बाई? मी मिठागराचं सांगितलं, तर माळ्यावरची नकाशांची गुंडाळी काढायला लावली आणि दुपारभर शोधत बसले. शेवटी म्हणाले, मीठ दाखवलंय, वस्ती दाखवलेली नाही. नकाशा त्यांनीच काढलेला, त्यामुळे चिडायला दुसरं कुणी सापडेना.

असंच काही घडलं की कळव. तुझ्या डोळ्यांनी मीही थोडं हिंडून घेते.

तुझी,
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, तरी घाईने लिहितोय. त्या बाईंचं कुठे छापू नकोस. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण तेव्हा मलाच सुचलं नाही.

काल रिकामी गाडी घेऊन परतत होतो, तर मुद्दाम तिथे थांबलो. डोळे बारीक केल्याशिवाय बघवत नाही इतकी पांढरी जमीन. वारा असा की ओठ चाटले तर खारट. आठवड्याला दोन बस, मंगळवारी आणि शनिवारी. पक्षी मोजणारी मंडळी, मिठाचे ट्रकवाले आणि वाट चुकलेले, एवढेच लोक लॉजवर उतरतात. बाई चादरी रफू करतात, नोंदवही सांभाळतात, सकाळी लॉजवालीबरोबर न्याहारीचं बघतात. स्वयंपाकघरामागे त्यांना खोली दिलीय. त्या खोलीची किल्ली त्यांनी मला दोनदा काढून दाखवली. मुलांकडे तिन्ही ठिकाणी बैठकीच्या खोलीतला सोफा होता, म्हणजे घरातलं शेवटचं माणूस उठून आत जाईपर्यंत यांना आडवं होता यायचं नाही. सात वर्षं ताई, सात वर्षं त्या घरातल्यांच्या जांभयांकडे बघत बसल्या.

निघताना त्यांनी एकच मागितलं, की मी इथे आहे हे कुणाला सांगू नका, थोडे दिवस तरी. मी शब्द दिला. तुला आधीच सांगून बसलोय हे मात्र सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हा आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

गडबडीत आहे, राग मानू नये.

तुझा,
गाडीवान


दि. २८ मार्च

चि. गाडीवानास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांच्या शेजारून गेली असणार. तुझं फोडलं तेव्हा बातमी छापून आठवडा उलटला होता.

ती आता माझी राहिलेलीच नाही. सात वर्तमानपत्रांनी उचलली. एकात आजी पंचाण्णव वर्षांच्या झाल्यात, दुसऱ्यात त्यांनी शेवटचे काही मैल गाडी स्वतः चालवली. लोक हसतायत. मी एकोणीस वर्षं अशाच बातम्या उचलत आले, त्या प्रत्येकीच्या मागे कुणाचं घर होतं का, हे कधी विचारलं नव्हतं.

परवा दुपारी त्यांचा थोरला मुलगा ऑफिसात आला. पिशवीच्या हिरव्या बंदावरून त्याने ओळखलं. मी भांडायच्या तयारीत होते, मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण समोर येऊन बसला तो पन्नाशीचा, केस गळलेला, माझ्याइतकाच दमलेला माणूस. कुठल्याशा गोदामात माल चढवण्या-उतरवण्याची देखरेख करतो. खिशातून त्याने एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मधल्याकडे फडताळात राहिल्या, म्हणून त्याने टपालाने थोरल्याकडे पाठवल्या. थोरल्याला वाटलं, आई येणार आहे म्हणून आधी गोळ्या आल्यात. पाकीट दहा दिवस तसंच पडून होतं.

मी विचारलं, दहा दिवसांत एक फोन करावासा नाही वाटला? तो माझ्या टेबलावर सांडलेल्या टाचण्या गोळा करू लागला. मग म्हणाला, घरात रंगकाम काढलं होतं, ती उशिरा येतेय म्हणून खरं तर बरंच वाटलं होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे. मला का सांगितलं कोण जाणे.

जागा मी सांगितली नाही. एवढंच सांगितलं की त्या बऱ्या आहेत, आपल्या मर्जीने आहेत, गोळ्या मी पोचवते आणि तुम्हाला भेटायचं का ते त्यांना विचारते. तो उठला. दारात थांबून म्हणाला की त्याने सहलीच्या सगळ्या कंपन्यांना फोन केले होते, आणि एकीकडे सतरा नंबरची तक्रार सापडली. म्हणजे तुझ्यापर्यंत ते येणार. सांभाळून राहा.

काय लिहू? चूक माझी आहे.

ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस सा. न.

मला घरी बसवलंय. गाइडलाही. साहेब म्हणतात, अनोळखी बाईला पाच दिवस फिरवलं, ऑफिसला खोटं सांगितलं आणि रस्त्यात सोडून आलात, तिला काही झालं असतं तर? त्यांचंही चूक नाही. मग मवाळ होऊन म्हणाले, कुठे उतरवलं तेवढं लिहून दे, मुलांना कळवू, प्रकरण मिटेल. मी म्हटलं, आठवत नाही. तेवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने रस्ता आठवत नाही म्हणायचं! माझं मलाच हसू आलं, त्यांना आलं नाही.

तुझ्यावर रागावलोय, हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. तुझ्या पानात एक कोपरा रिकामा होता आणि तो भरायला तू एक माणूस उचललंस. मीच उचलून दिलं, हेही खरं. म्हणून अर्धा राग माझ्यावर आहे. तुझी वहिनी म्हणते, रागाची वाटणी झाली असेल तर जेवून घ्या.

गोळ्या घेऊन तू स्वतः जा. मी येणार नाही, शब्द मोडून तोंड कसं दाखवू? जंक्शनवरून मंगळवारची बस पकड, मागे बसू नकोस, फार आदळते.

गाडीवान


दि. ८ एप्रिल, लॉजवरून

चि. गाडीवानास अ. उ. आ. वि. वि.

आले. अकरा तास लागले, दोन बस आणि एका मिठाच्या ट्रकची पुढची सीट. पाठ म्हणजे काय असते ते आज कळलं. यापुढे तुझ्या पाठीची थट्टा करणार नाही. अण्णांना शेजारच्या कंपाउंडरच्या हवाली केलंय. निघताना त्यांनी बजावलं की पंपापासून लॉजपर्यंत पावलं मोजून आण, वस्ती नकाशात घालायची आहे. दोनशे बारा आहेत.

बाईंनी बातमी वाचली होती. पक्षी मोजायला आलेल्या कुणीतरी शिधा बांधून आणला होता त्याच कागदात. मी नाव सांगताच त्यांनी तो घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. मी म्हटलं, मला माफ करा. त्या म्हणाल्या, माफी राहू दे, दुरुस्ती छाप. मी चुकून बसले, मी वेंधळी, असं छापलंस. गणवेशाच्या तीस वर्षांत माझं एकही माप चुकलं नाही. गाडी चुकले असेन, पण बसून राहिले ते समजून उमजून. आणि दात माझे सगळे आहेत. दाखवले.

गोळ्यांच्या पाकिटावरचं मधल्याचं अक्षर त्यांनी निरखून पाहिलं. थोरला वाळलाय का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग लगेच पाणी मागवून एक गोळी घेतली आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, आणि मी येऊन राहिले ती इथे! लॉजवाली आणि त्या अशा हसल्या की मलाही आवरेना. फार दिवसांनी हसले रे, बरगड्या दुखल्या.

मग तुझं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण तू एकदा लपवाछपवी करून पाहिली आहेस. त्या उठल्या. खोलीत गेल्या, दार लावलं. मी आणि लॉजवाली स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो, दोघीही त्या दाराकडे न बघता. अर्ध्या तासाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, थोरल्याला येऊ दे. एकट्याला. आणि ड्रायव्हरलाच त्याला घेऊन यायला सांग. शब्द मोडला म्हणून तोंड लपवतोय ना, त्याला म्हणावं, मीही तुला फुकट गाडी चालवायला लावली आहे.

संपादकांना या जागेवर सबंध पान हवंय, फोटोंसकट. इथून फोन करून सांगितलं की इथे बघण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, नक्की? मी खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळं पांढरं, लांबवर पक्ष्यांची एक ओळ, आणि एकही माणूस नाही. म्हटलं, नक्की.

आता झोपते. दुपारचे तीन वाजलेत, आणि मला कुणी उठवणार नाही.

तुझी,
ताई


दि. १५ एप्रिल

पेपरवाल्या बाईंना अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की,

तुम्ही दुरुस्ती छापलीत ती लॉजवालीने वाचून दाखवली. चार ओळींतच आहे, पण माप बरोबर आहे. आभारी आहे.

ड्रायव्हरच्या कंपनीला मी वेगळं पत्र टाकलंय. लिहिलंय की मी सज्ञान बाई आहे, आपल्या पायांनी चढले, आपल्या पायांनी उतरले, मला कुणी सोडलं नाही. गाइड मुलीने खोटं सांगितलं ते माझ्याकडे बघून, तेव्हा ते माझ्या खात्यावर घाला. आणि तुमच्या गाडीच्या सीटांची शिवण फार कच्ची आहे, सतरा नंबरची मी येता येता घालून दिली आहे.

थोरला रविवारी येणार असं कळलं. मी काय बोलायचं ते ठरवते आहे आणि ठरवलेलं रोज विसरते आहे. तुम्ही मुलगी आहात म्हणून सांगते, त्याला भेटायची धास्ती वाटते. तो ओरडला तर मी उत्तर देईन. तो रडला तर मी पिशवी उचलून त्याच्या मागे जाईन, आणि मला जायचं नाहीये.

तुमच्या वडिलांना दोनशे बारा पावलं तुमची सांगा. माझी दोनशे साठ होतात.

लोभ जडला आहे, तो आता सुटायचा नाही.

सतरा नंबर


दि. २४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी माझं. कंपनीने परत घेतलं, पण सहलीवरून काढलं. सिमेंट कारखान्याच्या कामगारांची गाडी दिलीय. सकाळी तोच रस्ता, संध्याकाळी तोच. गाइड पोरगी दुसरीकडे लागली. तुझी वहिनी खूश आहे, मी रोज घरी जेवतो. मी खूश आहे का, ते अजून कळत नाही. दमलोय एवढं कळतंय. पण या दमण्याला रोज रात्री आपला पलंग आहे.

आता रविवारचं. थोरल्याच्याच गाडीतून गेलो, चालवली मी. पाच तासांचा रस्ता. मध्ये एकदा त्याने विचारलं की आई गाडीत गाणी म्हणत होती हे खरं का. मी म्हटलं, तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. तो म्हणाला, घरी कधी ऐकलं नाही.

लॉजच्या स्वयंपाकघरात बाई उभ्याच होत्या. धुतलेली साडी, केस विंचरलेले. त्याने वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, कॉलर झिजलीय. मी आणि लॉजवाली बाहेर निघालो, तर त्यांनी आम्हाला हाताने थांबवलं. बहुधा एकटं राहायची भीती वाटत असावी.

तो ओरडला नाही, रडलाही नाही. हळू आवाजात म्हणाला, आई, घरी चल. त्यांनी विचारलं, कुठल्या घरी? तो म्हणाला, आपल्या. त्यांनी विचारलं, किती महिने?

ताई, त्यात जरासुद्धा टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाला लांबी विचारावी तसं विचारलं. चार म्हणाला असता तरी खोटं ठरलं नसतं. कायमची चल म्हणाला असता तर बायको, जागा, सोफा, सगळं डोळ्यांपुढे आलं असणार. शेवटी तो पाटावर बसला. त्यांनी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला, दोनदा भात घेतला. मग त्यांनी कनवटीची किल्ली काढून त्याला आपली खोली दाखवायला नेलं. आत पलंग, खिडकी आणि एक खुर्ची आहे. तो पलंगाच्या कडेवर टेकला, गादी हाताने दाबून पाहिली, आणि विचारलं, आई, इथे तुला झोप लागते? त्या म्हणाल्या, पाठ टेकली की. बस, एवढंच. त्यानंतर घरी चल असं तो एकदाही म्हणाला नाही.

त्या दुपारी तो तिथेच झोपला, त्यांच्याच पलंगावर, बूट आणि शर्ट काढून. तीन तास. त्या शेजारी खुर्चीत बसून त्याची कॉलर उलटवून शिवत होत्या. मी दारातून एकदा पाहिलं आणि परत फिरलो.

निघायच्या वेळी मी पंपावर काचा पुसत होतो. तिथे रेंज बरी येते. तो बाजूला उभा राहून आधी मधल्याला आणि मग धाकट्याला फोन करत होता. पलीकडून बहुतेक विचारलं असणार की आणतोयस ना तिला. तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, आईचा पत्ता लिहून घे. पलीकडच्याला कळलं नसावं, कारण त्याने पुन्हा सांगितलं, कुणाच्या मार्फत नाही, नुसतं तिचं नाव लिही, आणि त्याखाली लॉज, पंपासमोर. मग एकेक अक्षर सुटं करून वस्तीचं नाव सांगितलं, दोनदा. आणि हे सगळं तो असं हळू आणि नीट सांगत होता की मी काच पुसायची थांबवून ऐकत राहिलो.

अण्णांना माझा नमस्कार सांग. तूही आता तुझी ती खुर्ची दुरुस्त करून घे, पाठ जाते. माझा राग संपला आहे, तुझं प्रेम चालू ठेव.

तुझा,
गाडीवान